कासवाच्या बातमीतून इंग्रजी

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली. इंग्रजी व्याकरणाचे नियम तोंडपाठ, पण वाचताना अडखळते. काय करावे?
– एक पालक, चोपडे (पेडणे)

उत्तर : नियमांची वही थोडे दिवस मिटून ठेवा. ‘हेराल्ड’ घ्या. १९०० साली पोर्तुगीजमध्ये सुरू झालेले हे दैनिक १९८३ साली इंग्रजी झाले; तुमच्या मुलीला तर एकच भाषा शिकायची आहे! त्यातली चार ओळींची बातमी पुरे. मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासव आल्याची मिळाली तर उत्तमच, कारण विषय ओळखीचा असला की अनोळखी शब्दाचा अर्थ अंदाजाने लागतो.

आधी मोठ्याने वाचू द्या, मध्ये टोकू नका. मग ‘अ टर्टल’ पुढच्या वाक्यात ‘द टर्टल’ का झाले, ते विचारा. आपणही ‘एक कासव आले’ म्हणतो आणि मग ‘त्या कासवाने’ म्हणतो. मराठीत हे ऐच्छिक, इंग्रजीत सक्तीचे. आपली मुले अडतात ती बहुतेक इथेच.

शेवटी तीच गोष्ट ‘यस्टरडे’ने सुरू करून सांगायला लावा. कासवाने अंडी घातली, या वाक्यात ‘ले’चे ‘लेड’ होते. ‘डिड लेड’ म्हणाली तर हसू नका, फक्त बरोबर वाक्य तुम्ही एकदा म्हणा.