भिजलेला लॅपटॉप तांदळात?

प्रश्न : वेलाचेरीत आमच्या तळमजल्यावर पावसाचं पाणी शिरलं, लॅपटॉप भिजला. कालपासून तांदळाच्या डब्यात ठेवलाय. उद्या चालू करून पाहू का? – एक वाचक, चेन्नई

उत्तर : नका, ताई! बटणाला हातसुद्धा लावू नका, चार्जरही नको. पाण्याहून जास्त नुकसान ओल्या बोर्डात वीज खेळली की होतं. तांदूळ आतलं पाणी ओढत नाहीत. उलट त्यांचं पीठ पोर्टात जाऊन बसतं.

२०१५ च्या पुरात काय, २०२३ च्या मिचाँग वादळात काय, घरात शिरलेलं पाणी म्हणजे चिखल, क्षार आणि गटार. ते वाळलं तरी क्षार राहतात आणि तांब्यावर हिरवट गंज चढतो. म्हणून आजच दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी सोडवून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घ्या. बॅटरी फुगलेली दिसली तर ती परत घरी आणू नका.

रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेणार असाल तर आधी एसएसडी, म्हणजे तुमचा डेटा साठवणारा भाग, काढून मागा. च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते, बहुधा एकाच स्क्रूवर बसवलेली. ती पुसून, नीट वाळवून यूएसबी केसमध्ये घाला आणि दुसऱ्या संगणकावर फोटो उतरवा. त्या संगणकाने बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डेटा-कुलुपाची, किल्ली मागितली, तर ती बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल.