पांढऱ्या वाइनमधलं हवामान चाखायची कृती

लोणावळा आणि नाशिक, दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. पण लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. नाशिक शहरात त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नाही. म्हणून मावळात इंद्रायणी भात होतो. इथे द्राक्षवेल लावली तर चार महिन्यांच्या ओलीत केवडा हा बुरशीचा रोग पानं खाऊन टाकेल. तेव्हा वाइन नाशिकची आणू आणि लोणावळ्याच्या गारव्यात बसून चाखू.

साहित्य : एकाच कंपनीच्या, एकाच हंगामातल्या दोन बाटल्या, सॉव्हिन्यॉन ब्लां आणि शेनिन ब्लां. २००० साली नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली ती याच जातींच्या जोरावर. हंगाम अलीकडचा बघा. अशा वाइनमधला फळाचा वास आधी उडतो. शिवाय ढोबळी मिरची, पिकलेला पेरू, लिंबू आणि शेंगदाण्याची चिक्की.

आधी पेले. पावसाळ्यात लोणावळ्यातल्या बंद कपाटांना बुरशीचा दमट वास येतो आणि तो काचेला धरतो. खराब बुचाने बिघडलेल्या वाइनलाही जवळपास तसाच वास येतो, त्यामुळे बिचाऱ्या चांगल्या बाटलीवर आळ येतो. पेले गरम पाण्याने धुवा, सुती फडक्याने पुसा, उपडे ठेवू नका. खोलीत उदबत्ती नको, शेजारी भज्यांचा घाणा नको.

बाटल्या तीन तास फ्रिजमध्ये ठेवा, ओतण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा. गारढोण वाइनला वासच येत नाही.

मिरची चिरून, पेरूची फोड करून, लिंबाची साल खरवडून वेगवेगळ्या वाट्यांत झाकून ठेवा. आधी वाटी हुंगा, मग सॉव्हिन्यॉनचा पेला. मिरचीचा हिरवा वास देणारं द्रव्य द्राक्षातलंच. घड उन्हात पिकत जातो तसं ते कमी होतं. वास ठसठशीत असेल तर तोडणी लवकर झाली किंवा घड पानांच्या सावलीत राहिले, असं धरा. पेरूचं तसं नाही. तो वास द्राक्षात बांधलेला असतो, रस आंबताना यीस्ट त्याला मोकळं करतं. इथे शेत आणि तळघर दोघांचाही हात लागतो, म्हणून या वासापाशी घाई करू नका.

आता घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळा. लाळ किती सुटते ते पाहा, ती आम्लता. नाशिकला पावसाळा सरता सरता फळछाटणी होते आणि जानेवारी ते मार्च तोडणी. मणी थंडीत भरतात, रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, म्हणून आंबटपणा टिकतो. फेब्रुवारी तापला की साखर चढते, आम्ल उतरतं. जास्त साखरेचं जास्त अल्कोहोल होतं. घशाशी ऊब जाणवली तर ते ऊन समजा.

शेनिनकडे वळा. ओठांवर गोडी रेंगाळली तर बहुधा आंबवणं मध्येच गार करून थांबवलंय. केळ्याचा वास गार टाकीत हळू आंबवल्याचा, लोण्याचा वास दुसऱ्या, जिवाणूंच्या आंबवणीचा, व्हॅनिलाचा ओक लाकडाच्या पिंपाचा. हे तिन्ही वास कारखान्यातले, त्यांत हवामान शोधू नका.

तासाभराने दोन्ही पेले पुन्हा चाखा. कोमट झाल्यावर दोष लपत नाहीत. चिक्की अगदी शेवटी. तिच्या गोडीनंतर तीच वाइन आंबट आणि पातळ लागते. उरलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.