डॉ. जयंत नारळीकर : प्रश्नाचा मान राखणारा शास्त्रज्ञ

अजिंठ्याचा घाट उतरून येणारा रस्ता फर्दापूर गावी पोहोचतो. लेणी पाहण्यास निघालेले देशोदेशींचे प्रवासी येथूनच पुढे जातात. गावातील मुले दिवसा या प्रवाशांकडे कुतूहलाने पाहतात आणि रात्री डोंगराच्या काळ्या कडेवर पसरलेले चांदणे पाहतात. त्यांपैकी एखाद्या मुलाने उद्या वर्गात उभे राहून विचारले की, ‘‘गुरुजी, हे आकाश केव्हा सुरू झाले? त्याच्या आधी काय होते?’’ तर गुरुजींनी काय करावे? ‘‘खाली बैस, धडा वाच,’’ असे म्हणणे सोपे आहे. परंतु याच प्रश्नाचा माग काढण्यात एका मराठी शास्त्रज्ञाने आपले आयुष्य वेचले. डॉ. जयंत विष्णू नारळीकर हे त्यांचे नाव होय.

त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी होत्या. जयंतरावांचे बालपण वाराणसीस गेले. त्यांच्या घरात भिंतीवर फळे लावलेले होते. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार हे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहत असत. हे मामा फळ्यावर भाच्यासाठी एखादे कठीण उदाहरण आव्हान म्हणून लिहून ठेवीत. भाच्याने ते सोडवीपर्यंत, किंवा हार मानीपर्यंत, ते पुसले जात नसे. उत्तराची घाई नव्हती. मात्र प्रश्न सतत डोळ्यांसमोर असे. गणिताची गोडी लागण्यास याहून मोठे साधन लागले नाही.

१९५७ साली विज्ञानाची पदवी संपादन करून जयंतराव इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेले. रँग्लर परांजपे यांच्यामुळे तेथील गणिताच्या परीक्षेचे नाव महाराष्ट्रात घरोघरी झाले होते. जयंतरावही सीनियर रँग्लर झाले व १९६० मध्ये त्यांना खगोलशास्त्रातील टायसन पदक मिळाले. पुढे फ्रेड हॉईल या ख्यातनाम शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधनास प्रारंभ केला.

त्या काळी विश्वाच्या उत्पत्तीविषयी दोन मते प्रचलित होती. दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह, एकमेकींपासून दूर जात आहेत, हे दोन्ही पक्षांस मान्य होते. एका पक्षाचे म्हणणे असे की, फार पूर्वी एका महास्फोटातून विश्वाचा आरंभ झाला. हॉईल यांचे मत याहून निराळे होते. विश्वास आरंभ नाही व शेवटही नाही. दीर्घिका दूर जातात तशी मधल्या अवकाशात नवी द्रव्यनिर्मिती होत राहते आणि विश्वाचे एकंदर रूप तसेच टिकते, असे ते मानीत. यास स्थिर स्थितीचा सिद्धांत म्हणतात.

१९६१ च्या फेब्रुवारी महिन्यात मार्टिन राईल या शास्त्रज्ञांनी आपल्या रेडिओ दुर्बिणींच्या निरीक्षणांवरून हा सिद्धांत चुकीचा ठरतो, असे जाहीर केले. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्यास उत्तर द्यावयाचे होते. हॉईल यांस त्या दिवशी अन्यत्र व्याख्यान असल्याने त्यांनी हे काम आपल्या शिष्यावर सोपविले. बावीस वर्षांचा हा विद्यार्थी ज्येष्ठ शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला व त्याने आपली बाजू गणिताच्या आधारे शांतपणे मांडली.

१९६२ मध्ये त्यांना स्मिथ पारितोषिक व १९६७ मध्ये अ‍ॅडम्स पारितोषिक मिळाले. १९६४ साली हॉईल व नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. एखाद्या वस्तूचे जडत्व विश्वातील इतर सर्व वस्तूंवर अवलंबून असते, हा त्यामागील विचार होय. या कार्याची वार्ता भारतात सर्वत्र पसरली व १९६५ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले.

परंतु त्याच १९६५ साली अवकाशात सर्वत्र भरून राहिलेल्या सूक्ष्मतरंगांच्या प्रारणाचा शोध प्रसिद्ध झाला. महास्फोटाच्या मतास त्याने मोठे बळ दिले व बहुतेक शास्त्रज्ञ त्या पक्षास मिळाले. नारळीकरांनी तो पुरावा नाकारला नाही. त्याचा वेगळा अर्थ लावता येईल काय, याचा ते शोध घेत राहिले. १९९३ साली हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी आपल्या सिद्धांताचे सुधारलेले रूप मांडले. तेही बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही. तरी नारळीकरांचा मान उणावला नाही. आपले मत पुराव्याच्या कसोटीस उघडपणे लावावे, आणि बहुमत विरुद्ध असले तरी प्रश्न विचारणे थांबवू नये, ही शास्त्रज्ञाची वृत्ती त्यांनी अखेरपर्यंत जपली.

परदेशात मानाचे स्थान असता ते १९७२ साली स्वदेशी परतले व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. १९८८ साली पुणे येथे खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठ केंद्र, म्हणजे ‘आयुका’, स्थापन झाले. त्याचे ते संस्थापक संचालक होत. लहान विद्यापीठांतील अध्यापकांसही उत्तम संशोधनाची सोय मिळावी, हा त्या केंद्राचा हेतू आहे. शाळकरी मुलांसाठीही तेथे व्याख्याने होऊ लागली.

मातृभाषेतून विज्ञान सांगण्याची त्यांची तळमळ मोठी होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलट करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले आणि पत्नी मंगलाबाई यांच्या हस्ताक्षरात कथा लिहवून घेतली. मंगलाबाई स्वतः गणितज्ञ होत्या. त्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. पुढे १९९६ साली विज्ञानप्रसाराचे युनेस्कोचे कलिंग पारितोषिक, २००४ साली पद्मविभूषण व २०१४ साली आत्मचरित्रासाठी साहित्य अकादमी पुरस्कार त्यांस लाभला. २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

एवढ्या सन्मानांपेक्षाही शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी त्यांची एक रीत होती. व्याख्यान संपताच मुले स्वाक्षरीसाठी भोवती जमत. नारळीकर वहीवर स्वाक्षरी देत नसत. ‘‘पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही मिळेल,’’ असे ते सांगत, आणि खरोखरच उत्तरे पाठवीत. ज्या मुलाच्या प्रश्नासाठी मामांनी फळा राखून ठेवला, त्याने मोठेपणी इतर मुलांच्या प्रश्नांसाठी आपला वेळ राखून ठेवला.

शिक्षकांसाठी सूचना : वर्गातील फळ्याचा एक कोपरा ‘आमचा प्रश्न’ म्हणून राखावा. मुलाने विचारलेला प्रश्न त्याच्या नावासह तेथे लिहावा व उत्तर सापडेपर्यंत पुसू नये. उत्तर ठाऊक नसल्यास तसे मोकळेपणाने सांगावे व मुलांसह ते शोधावे. त्यामुळे गुरूचा मान कमी होत नाही. मुलाचे धैर्य मात्र वाढते.

स्वाध्याय :
१. मामांनी फळ्यावरील उदाहरण न पुसण्यामागे कोणता हेतू असावा?
२. विश्वाविषयीची दोन मते आपल्या शब्दांत सांगा.
३. नारळीकरांनी कथास्पर्धेत निराळे नाव का घेतले?
४. रात्रीचे आकाश पाहून मनात आलेला एक प्रश्न पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून आणा.