पत्रिकेच्या निमित्ताने

अंबाजोगाई

चि. सोनूस,


तू डिझाइन करून पाठवलेली लग्नपत्रिका तुझ्या मामीनं गल्लीभर दाखवली. मोबाइलवर छानच दिसते. पण गडद मरून कार्डावर बारीक पिवळी अक्षरं ऑफसेटवर छापायला दिलीस, तर हाती काही लागायचं नाही. ऑफसेटची शाई पारदर्शक असते. खाली पांढरा कागद असतो म्हणून पिवळा रंग पिवळा दिसतो. मरूनवर तो विरून जातो. असल्या कार्डाला स्क्रीन प्रिंटिंगच पाहिजे. जाळीतून स्क्वीजीनं शाई दाबून उतरवतात, थर जाड बसतो, सोनेरी रंग सोनेरीच राहतो. मात्र हीच जाड शाई बारीक अक्षराचा घात करते. 'भ'च्या डोक्यावरची फट बुजली की 'शुभ'चं 'शुम' होतं, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. तेव्हा अक्षर थोडं मोठं आणि पोटात मोकळं असलेलं निवड.

कॉम्प्युटर उघडण्याआधी गिऱ्हाइकाला विचारत जा: कशावर छापायचं, प्रती किती, वाचणारा किती लांबून वाचणार. इथल्या संतकवी दासोपंतांची पासोडी आठवते ना? चारशे वर्षांपूर्वी सुमारे चाळीस फुटी कापडावर त्यांनी 'पंचीकरण' आकृत्यांसकट मांडलं. कापडाचा पन्हा डोक्यात पक्का असल्याशिवाय ते होत नाही.

ऑफसेट मात्र मुळापासून समजून घे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर. राजा रविवर्म्यानं १८९४ साली छापखाना काढला, त्याच्या लक्ष्मी-सरस्वतीही दगडावरूनच घराघरांत गेल्या. दगडावर जिथं तेलकट रेघ तिथं शाई धरते, ओला भाग तिला झिडकारतो. ऑफसेटचं तत्त्व हेच. दगडाच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट आली आणि प्लेट व कागद यांच्या मध्ये रबरी ब्लँकेट. पूर्वी दगडावर उलटं लिहावं लागे. आता प्लेटवर सुलटं असतं, ते ब्लँकेटवर उलटतं आणि कागदावर पुन्हा सुलटं होतं.

रविवर्म्याच्या चित्राला रंगागणिक वेगळा दगड लागे, तुझ्या कामाला चार प्लेटा: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा. चारही जागच्या जागी बसल्या पाहिजेत. नवी पोरं इथंच अडकतात. बारीक मजकुराचा काळा चारही रंगांतून घेतात, आणि एक प्लेट केसभर सरकली की अक्षराला लाल-निळी कड येते. मजकूर निव्वळ काळ्यात ठेव. फोटो ३०० डीपीआयचा हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नवरदेव घेऊ नकोस, मूळ फाइल माग. रंग कडेपर्यंत असेल तर चारही बाजूंनी ३ मिमी जास्तीचा सोड, कटिंगवाल्याचा हात थोडा इकडंतिकडं होतोच. आणि प्लेटांचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, पाच हजारांना तेवढाच. थोडक्या प्रती असल्या तर सरळ डिजिटलवर काढ.

छपाईची जुनी ट्रेडल मशीन भंगारात गेली असं समजू नकोस. गणेश मंडळाच्या पावती पुस्तकावर नंबर टाकायला, परफोरेशन मारायला, कार्डाला घडीची रेघ पाडायला अजून तीच लागते. नंबराची जागा कोरी ठेव. तिथं वेलबुट्टी काढलीस तर छापणारा तुझ्या नावानं खडे फोडील.

फ्लेक्सचं शास्त्र वेगळं. बीडच्या शिवाजी चौकातून मोटारसायकलवरून जाणारा माणूस त्याकडं निमिषभर बघतो. ७२ ते १०० डीपीआय पुष्कळ झालं, त्यापुढं फाइलच उघडत नाही. शुभेच्छुकांची मुंडकी कमी करायला सांगून बघ. ऐकणार नाहीत, पण ज्याचा वाढदिवस त्याचं नाव तरी वाचता येईल एवढं ठेव.

फाइल दुसऱ्याकडं देताना अक्षरं कर्व्ह कर. श्रीलिपी फॉन्टातला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

प्रूफवर सही घेतल्याशिवाय प्लेट काढायला देऊ नकोस. मुहूर्ताची वेळ आणि आजोबांच्या नावामागचं 'कै.' ही दोन ठिकाणं घरच्या मोठ्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घे. जिवंत माणसामागं 'कै.' लागलं तर गिऱ्हाईक तुझ्याकडंच येणार, छापणाऱ्याकडं नाही.

मरून पत्रिकेची अक्षरं जाड करून फाइल परत पाठव, इथं स्क्रीनवर एक नमुना काढून ठेवतो. मामी विचारतेय, कधी येतेस.

तुझा,
मामा