पोत्यावर बीएचटी लिहिलंय, म्हणजे बुरशी लागणार नाही असं नाही



मागच्या आठवड्यात मौद्याकडे एका काकांच्या गोठ्यावर गेलो होतो. पशुखाद्याच्या चुंगडीत हिरवट गाठी झालेल्या. काका म्हणाले, "साहेब, यात औषध टाकलं आहे, पोत्यावर लिहिलंय. काही होत नाही." लिहिलेलं होतं बीएचटी.

हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे, म्हणून आज यावरच.

बीएचटी, बीएचए, इथॉक्सीक्विन ही खाद्यातलं *तेल* खवट होऊ नये म्हणून टाकतात. हवेतला ऑक्सिजन तेलाला लागला की वास येतो, अ आणि ई जीवनसत्त्व जातं. ई कमी पडलं तर कोंबडीची पिल्लं मान वाकडी करून पडतात. ही रसायनं ती क्रिया अडवतात आणि अडवता अडवता स्वतः संपतात. आपल्याकडच्या मे महिन्यात, टिनाखाली, लवकर संपतात. म्हणून पोत्यावरची तारीख बघा.

बुरशीचं काम वेगळं आहे. ती ओलीवर वाढते, तिथे यांच्यावर भिसत ठेवू नका. राईस मिलचा ताजा कोंडाही यांनी टिकत नाही. त्यात स्वतःचंच एक एन्झाइम असतं, दळल्याबरोबर ते तेल फोडायला लागतं. कोंडा लागेल तेवढाच आणा.

काही जण विचारतात, पावडर आणून घरीच मिसळू का? नका मिसळू. इथॉक्सीक्विनची अमेरिकेतली मर्यादा टनाला 150 ग्रॅम आहे, म्हणजे 50 किलोच्या पोत्यात फक्त साडेसात ग्रॅम. फावड्याने ते सारखं मिसळत नाही. युरोपने तर 2017 मध्ये त्याची परवानगीच थांबवली.

बुरशी लागलेली ढेप किंवा खाद्य उकळून, उन्हात टाकून किंवा चांगल्यात मिसळून देऊ नका. अफ्लाटॉक्सिन उकळून जात नाही, ते दुधात उतरतं. दुधात त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका ग्रॅमचे 20 लाख भाग केले तर त्यातला एक. ते दूध आपल्याच घरचं लेकरू पण पितं.

पावसाळ्यात 15 दिवसांपुरतंच खाद्य घ्या. चुंगड्या लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

शंका असेल तर लेबलचा आणि खाद्याचा फोटो याच नंबरवर पाठवा. खाऊ घालायच्या आधी पाठवा.