पिवळ्या त्रिकोणाची सूचना : घरगुती संगणक आणि त्याचे दुभाषे

निपाणीच्या बाजारात केवळ कन्नड जाणणारा शेतकरी आणि केवळ मराठी जाणणारा गिऱ्हाईक समोरासमोर आले, तर दोन्ही भाषा येणारा तिसरा कोणी तरी पुढे होतो आणि सौदा मार्गी लागतो. सीमाभागातील वाचकांना हे दृश्य नवे नाही. संगणकाच्या पोटातही असेच दुभाषे असतात. त्यांना ‘ड्रायव्हर’ असे म्हणतात, एस.टी.च्या चालकाशी त्यांचा काही संबंध नाही. विंडोजसारखी मुख्य प्रणाली एक भाषा बोलते, तर छपाईयंत्र, स्कॅनर, कॅमेरा ही उपकरणे आपापली बोली बोलतात. ड्रायव्हर ही या दोहोंमध्ये बोलणे घडवून आणणारी छोटी आज्ञावली होय. दुभाषा अडला की संगणक इशारा देतो, आणि उपकरणांच्या यादीत त्या उपकरणाच्या नावापाशी पिवळा त्रिकोण व त्यात उद्गारचिन्ह दिसू लागते.

निपाणीतील एका निवृत्त शिक्षकांच्या घरी हा त्रिकोण प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. गुरुजी गेली अनेक वर्षे घरच्या संगणकावर मराठी व कन्नड अक्षरजुळणी करीत आले आहेत. लग्नपत्रिका, यात्रेची हस्तपत्रके, शाळांच्या स्मरणिका असा बराच मजकूर त्यांच्यापाशी साठलेला आहे. त्यांची जुनी अक्षरजुळणीची आज्ञावली संगणकाला एक लहानसे, कुलपासारखे उपकरण लावल्यावाचून उघडत नाही. मुलाने विंडोज ११ असलेला नवा संगणक आणून दिला, गुरुजींनी कुलूप लावले, आणि ‘या उपकरणावर ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना पडद्यावर उमटली. एका स्मरणिकेचे काम अर्ध्यावर होते. जुनी अक्षरे युनिकोडपूर्व पद्धतीची असल्याने तो मजकूर दुसऱ्या आज्ञावलीत उघडला, तर निरर्थक चिन्हांची रांग दिसे.

शेजारचा एक जाणता मुलगा मदतीस आला. “गुरुजी, ही मेमरी इंटिग्रिटी बंद करतो, लगेच चालू होतंय बघा,” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि धोका नेमका तेथेच होता. ड्रायव्हरला संगणकाच्या अगदी आतल्या दालनात प्रवेश असतो. तेथे सदोष अथवा दुष्ट आज्ञावली शिरली, तर तिला अडविणारे फारसे काही उरत नाही. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-आज्ञावलीच्या ड्रायव्हरने वाचावयाच्या फाइलीत दोष राहून गेला, तेव्हा जगभरातील सुमारे ८५ लक्ष संगणक कोलमडले. आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मेमरी इंटिग्रिटी ही त्या आतल्या दालनाच्या दारावरची पहारेकरीण आहे. एका जुन्या कुलपासाठी तिला रजा देणे शहाणपणाचे नव्हे. त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर मुळीच नव्हे.

मग करावे काय? प्रथम सूचना पूर्ण वाचावी आणि कागदावर उतरवून घ्यावी. नंतर ‘स्टार्ट’च्या खुणेवर माउसचे उजवे बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे, त्रिकोण असलेल्या नावावर दोनदा टिचकी द्यावी आणि तेथील सांकेतिक क्रमांक पाहावा. सारी गुरुकिल्ली या क्रमांकात आहे. क्रमांक २८ म्हणजे ड्रायव्हर बसविलेलाच नाही. २२ म्हणजे उपकरण कोणी तरी बंद करून ठेवले आहे, ते नुसते सुरू करावयाचे. ४३ असेल तर उपकरणानेच बिघाड कळविलेला असतो. अशा वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, तार व खाच बदलून पाहावी. ५२ म्हणजे ड्रायव्हरच्या अंकीय स्वाक्षरीची खात्री पटली नाही. गुरुजींच्या यादीत ३९ होता, म्हणजे ड्रायव्हर आहे पण लोड होत नाही. कालपर्यंत चालणारे उपकरण नव्या अद्ययावतीकरणानंतर अडले असेल, तर ‘ड्रायव्हर’ या पानावरील ‘रोल बॅक’ने मागील आवृत्तीवर परतता येते. (पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर तो बहुधा फॉन्टचा प्रश्न असतो, त्यासाठी ड्रायव्हरला दोष देऊ नये.)

नवा ड्रायव्हर दोनच ठिकाणांहून घ्यावा : विंडोज अपडेटमधील ‘ऐच्छिक अद्यतने’ या विभागातून, अथवा उपकरणाच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून. ‘सर्व ड्रायव्हर एका क्षणात मोफत’ अशा जाहिरातींपासून दूर राहावे. आपणहून दूरध्वनी करून ‘तुमच्या संगणकात दोष आढळला आहे’ असे सांगणाऱ्यास संगणकाचा ताबा कदापि देऊ नये. पैसे गेलेच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

गुरुजींनी जुन्या पावतीवरून कुलपाच्या निर्मात्याचे नाव शोधले. त्यांच्या संकेतस्थळावर स्वाक्षरीयुक्त नवा ड्रायव्हर मिळाला, तो बसवून संगणक पुन्हा सुरू करताच त्रिकोण नाहीसा झाला. स्कॅनरच्या बाबतीत मात्र यश आले नाही. त्याचा ड्रायव्हर केवळ ३२-बिट प्रणालीसाठी होता, विंडोज ११ ही ६४-बिट प्रणाली आहे, आणि निर्मात्याने नवा ड्रायव्हर काढलेला नाही. तेव्हा स्कॅनर जुन्या संगणकालाच जोडलेला ठेवला असून त्या संगणकाची इंटरनेटची तार काढून टाकली आहे. स्मरणिका छपाईस गेली. साठलेला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम गुरुजी आता रोज सकाळी थोडे थोडे करीत आहेत. जोडाक्षरे मात्र रूपांतरात अजूनही अधूनमधून तुटतात, ती हातानेच दुरुस्त करावी लागतात.