ओकोन्क्वो : एका भयाची शोकांतिका

प्रस्तावना

एखादा माणूस जन्मभर एकाच गोष्टीला भीत राहिला, तर ते भय त्याच्या हातून काय काय घडवते? नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे (१९३०–२०१३) यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या इंग्रजी कादंबरीत या प्रश्नाचा शोध आहे. ती १९५८ साली प्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी सत्ता आणि ख्रिस्ती धर्मप्रसारक आग्नेय नायजेरियातील इग्बो लोकांच्या प्रदेशात येऊ लागले होते. त्या काळातील इग्बो समाजाचे गुणदोषांसह चित्र अचेबे यांनी रेखाटले आहे. या पाठात आपण त्या समाजाच्या श्रद्धा आणि त्यातील स्त्री-पुरुषांचे स्थान यांचा परिचय करून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला

• इग्बो समाजातील पुरुषार्थाची कल्पना स्पष्ट करता येईल;
• त्या समाजाच्या श्रद्धांमधील स्त्रीतत्त्वाचे महत्त्व सांगता येईल;
• ओकोन्क्वोच्या शोकांतिकेची कारणमीमांसा करता येईल.

विवेचन

१. पुरुषार्थाची कसोटी

कादंबरीतील उमुओफिया हा नऊ गावांचा समूह आहे. तेथे राजा नाही. वडीलधारी व मानकरी माणसे सभेत निर्णय घेतात. पुरुषाची योग्यता त्याचे शौर्य, त्याने मिळवलेले किताब आणि त्याची यामची कोठारे यांवरून ठरते. याम हा आपल्याकडील कोनफळाच्या जातीचा कंद होय. तो पुरुषांचे पीक मानला जाई. अळकुड्या, कडधान्ये आणि कसावा ही स्त्रियांची पिके समजली जात. अशा रीतीने शेतातील पिकांमध्येही स्त्री-पुरुष भेद होता.

ओकोन्क्वोचे वडील उनोका बासरीत रमणारे, कर्जात बुडालेले आणि एकही किताब नसलेले गृहस्थ होते. ‘अगबाला’ या इग्बो शब्दाचा अर्थ ‘स्त्री’ असा आहे. परंतु किताब नसलेल्या पुरुषालाही तोच शब्द लावीत. आपल्या वडिलांना कोणी ‘अगबाला’ म्हटल्याचे ओकोन्क्वोच्या बालमनाला झोंबले. त्या दिवसापासून दुर्बळ ठरण्याचे भय त्याच्या मनात घर करून बसले. वडिलांना प्रिय असलेल्या साऱ्या गोष्टींचा, मायाळूपणाचाही, तो तिरस्कार करू लागला. कष्ट आणि पराक्रम यांच्या बळावर तो मोठा झाला. तीन बायकांचा संसार त्याने उभारला. पण घरात त्याचा धाकच अधिक होता.

२. श्रद्धांमधील स्त्रीतत्त्व

ज्या समाजात ‘स्त्री’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाई, त्याच समाजात नीती-अनीतीचा अंतिम निवाडा ‘अनी’ या भूदेवतेकडे होता. पेरणीपूर्वीच्या शांतता-सप्ताहात कोणी कोणाशी कठोर शब्दही बोलत नसे. त्या सप्ताहात ओकोन्क्वोने धाकट्या पत्नीला मारले, तेव्हा देवीच्या पुजाऱ्याने त्याला दंड केला. मात्र तो दंड पत्नीला मारल्याबद्दल नव्हता, तर देवीचा नियम मोडल्याबद्दल होता, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

डोंगरगुहेतील देववाणीचे नावही ‘अगबाला’ असेच आहे आणि तिची पुजारीण चिएलो ही दोन मुलांची विधवा आई आहे. एरवी ती बाजारात इतर बायकांप्रमाणेच वावरते. परंतु अंगात देवतेचा संचार झालेली चिएलो रात्री ओकोन्क्वोच्या मुलीला, एझिन्माला, न्यायला येते, तेव्हा त्याच्या विनवण्यांना ती जुमानत नाही.

३. पुत्रवत मुलाचा वध

शेजारच्या गावाने नुकसानभरपाई म्हणून दिलेला इकेमेफुना हा मुलगा तीन वर्षे ओकोन्क्वोच्या घरी वाढतो आणि त्याला वडील मानू लागतो. देववाणी त्याच्या वधाची आज्ञा देते. त्यात भाग घेऊ नकोस, असे एक वृद्ध ओकोन्क्वोला बजावतात. तरीही आपण भित्रे ठरू, या धास्तीने तो स्वतः घाव घालतो. त्याचा मुलगा न्वोये मनाने बापापासून दुरावतो आणि पुढे ख्रिस्ती होतो.

४. आजोळचा आसरा

एका अंत्यविधीत ओकोन्क्वोची बंदूक फुटून एक मुलगा मरण पावतो. जाणूनबुजून केलेली हत्या हा ‘पुरुषी’ अपराध, तर नकळत घडलेली हत्या हा ‘स्त्री’ अपराध मानला जाई. या दुसऱ्या अपराधासाठी त्याला सात वर्षे एम्बांटा या आजोळी राहावे लागते. तेथे मामा उचेंडू त्याला विचारतात, की मुले बापाच्या कुळाची असताना मुलीचे नाव ‘न्नेका’, म्हणजे ‘आई श्रेष्ठ’, असे का ठेवतात? ओकोन्क्वोला उत्तर सुचत नाही. सुखाच्या दिवसांत माणूस बापाच्या गावी मिरवतो. दुःखात मात्र त्याला आईच्या माहेरीच आसरा मिळतो, हे मामा समजावतात. तरीही त्याचा कठोरपणा ओसरत नाही.

५. अखेर

परत आल्यावर तो परकीय सत्तेच्या जासुदाचा वध करतो. गाव आपल्यामागे उभे राहणार नाही, हे कळताच तो गळफास घेतो. आत्महत्या हे भूदेवतेविरुद्धचे पातक असल्याने त्याला परक्यांनी पुरावे लागते. उनोकालाही निषिद्ध मानलेल्या आजारामुळे कबर लाभली नव्हती. ज्या वडिलांसारखे होऊ नये म्हणून तो आयुष्यभर झटला, त्यांच्याप्रमाणेच त्यालाही आपल्या माणसांच्या हातची मूठमाती मिळत नाही.

६. दुसरी बाजू

या कादंबरीतील स्त्रिया बहुधा पुरुषांच्या नजरेतून दिसतात. प्रत्यक्षात १९२९ साली आग्नेय नायजेरियातील हजारो स्त्रियांनी करांच्या भीतीने आणि इंग्रजांनी नेमलेल्या मुखियांच्या जुलमाविरुद्ध मोठा लढा दिला होता. स्त्रीच्या दृष्टीने हा समाज पाहायचा असेल, तर फ्लोरा न्वापा यांची ‘एफुरू’ (१९६६) आणि बुची एमेचेटा यांची ‘द जॉइज ऑफ मदरहुड’ (१९७९) या कादंबऱ्या महत्त्वाच्या ठरतात.

सारांश

इग्बो समाजात पुरुषांचे वर्चस्व होते. परंतु त्याच्या श्रद्धांनी स्त्रीतत्त्वालाही मान दिला होता. ओकोन्क्वोने आपल्या परंपरेचा अर्धाच भाग स्वीकारला. परकीय सत्तेने त्याचे जग मोडले, हे खरे. पण कोमलतेला दुर्बलता समजण्याची चूक त्याची स्वतःची होती.

स्वाध्याय

१. ‘अगबाला’ या शब्दाचे तीन उपयोग सांगून त्यांतील विसंगती स्पष्ट करा.
२. ओकोन्क्वोला झालेला दंड कोणत्या अपराधासाठी होता? त्यावरून पत्नीच्या स्थानाविषयी काय दिसते?
३. उचेंडूची शिकवण तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘पुरुषाने रडू नये’ या समजुतीविषयी तुमच्या अनुभवाच्या आधारे दहा ओळी लिहा.